दगडाखालचा हात

आमच्या ह्यांना सगळी गल्ली दगडोबा म्हणते, आणि मी कुणाला कधी अडवलं नाही. ज्या माणसानं उभा जन्म गारगोटीवर गोटा आपटण्यात घालवला, त्याला दुसरं काय म्हणणार? आदिमानव करायचा तशी दगडाची हत्यारं हे हातानं घडवतात. हातकुऱ्हाडी, तासण्या, भाल्याची टोकं. खरी हत्यारं संग्रहालयात काचेच्या कपाटात असतात. ह्यांनी केलेली बाहेर टेबलावर ठेवतात, ज्याला हात लावून बघायचंय त्याच्यासाठी.

मी शिवणकाम करते. पुढची खोली माझी, मागची त्यांची. मधलं दार बंद असलं तरी दगडाचे टवके कसे कोण जाणे पुढं यायचेच. एकदा एक गिऱ्हाईक नवाकोरा कोट परत घेऊन आलं. अस्तरात कपची, पात्यासारखी धारदार. "टाचणी राहिली तर मी समजू शकते हो," त्या बाई म्हणाल्या. त्या दिवशी मी ह्यांना जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

मग गेल्या थंडीत ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, वाचा सावरली, डावा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. येणारा-जाणारा म्हणायचा, "उजवा वाचला, नशीब समजा." मलाही तसंच वाटायचं. हे मान हलवायचे आणि खिडकीकडे बघत बसायचे.

मला नंतर कळलं की ह्या कामात उजवा हात नुसता मजूर, मुकादम तो डावा. मांडीवर जाड चामडं, चामड्यावर दगड, आणि दगडाच्या पोटाला डाव्या हाताची बोटं दाबून धरलेली. टवका कुठून सुटणार, किती लांब जाणार, ते ही खालची बोटं बघतात. खाली आधार नसला की वरचा ठोका दगडभर हिंडतो आणि दगड मधोमध मोडतो.

अशात संग्रहालयाच्या बाईंचा फोन आला. टेबलावरची हातकुऱ्हाड कुणाच्या तरी हातून पडून टोक उडालं होतं. नवी जमेल का, नाहीतर दुसरीकडे बघते, मनाला लावून घेऊ नका, असं अगदी गोड बोलल्या.

"नाही म्हणून सांग," हे म्हणाले. "आणि मागची खोली तू शिवणाला घे. दगड देऊन टाकू कुणाला तरी."

इतकी वर्षं त्या खोलीवर माझा डोळा होता. पण ती अशी हातात आली तेव्हा मला ती नकोशीच झाली. आज खोली, उद्या खुर्ची, परवा जेवणावरची वासना; हा माणूस एकेक करून सगळंच देऊन टाकणार, हे मला स्वच्छ दिसलं.

"तुमचा डावा हात मी होईन," म्हटलं. "कसं धरायचं तेवढं सांगा."

"वेडी आहेस का? बोट फुटलं म्हणजे? त्या बोटांवर घर चाललंय."

"माझी बोटं, माझी मी बघेन."

आधी त्यांनी मला जाड हातमोजा घालायला लावला. त्यात दगड लागेना की काही कळेना. काढून फेकला. मग म्हणाले, दगडाची कड खरबरीत गोट्यानं घास, बोथट कर.

"अहो, धार आणायचीय ना?"

"धारेवर मारलं तर धारेचाच भुगा होतो. बोथट कड ठोका झेलते. घास."

घासली. त्यांनी ठोका मारला. टवका निम्म्यावर अडकला आणि दगडावर पायरी पडली. पुन्हा मारला, पुन्हा पायरी. ठोका अर्धवट बसला की असंच होतं म्हणे, आणि अशी पायरी पडली की तो दगड वाया.

"मारताय की गोंजारताय?" मी म्हटलं.

दुसऱ्या दगडाला जरा जोर लावला, तर तो सरळ दोन तुकड्यांत मोडला.

"चीर असेल दगडात," हे म्हणाले.

"वा! नाचता येईना अंगण वाकडं!"

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. आता हातकुऱ्हाडीजोगा एकच दगड उरला होता, मधाच्या रंगाचा, चांगल्या दिवसासाठी म्हणून जपून ठेवलेला. त्याच्याकडे बघून हे म्हणाले, "हाही मोडला तर उद्या खोली रिकामी करायची. मग वाद नको."

मी चामडं झटकत होते. त्यांनी मोडक्या दगडाचे दोन्ही तुकडे उजव्या हातानं एकेक करून माझ्यापुढं ठेवले.

"चीर नव्हती," म्हणाले. "जुनी चीर असती तर आतून डागाळलेली दिसली असती. हे बघ, कसं स्वच्छ आहे. खाली आधार नव्हता. ठोका बसायच्या आधी तुझा हात निघतो. पहिल्या ठोक्यापासून."

"म्हणून तुम्ही हळू मारत होतात?"

"जोरात मारून दगड मोडला असता, तर तुझा हात निघतोय हे तुला कळलं असतं."

अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! भरधाव मशीनच्या सुईपाशी दिवसभर बोट असतं माझं, ते कधी हललं नाही. मी काय दगडाला भिते? हे सगळं मी त्यांना ऐकवलं, चांगलं आवाज चढवून. आणि बोलता बोलता मला रडूच आलं.

"तुम्ही पडलात ना, तेव्हा असाच आवाज झाला होता. धावत आले तर तुम्ही जमिनीवर, तोंड वाकडं. तेव्हापासून कुठं काही आपटलं की माझं अंग आधी पळतं, मी मागाहून. दगडाला कोण भितंय? तुम्ही जाल म्हणून भिते मी."

इतक्या महिन्यांत हे मी कुणापाशी बोलले नव्हते, स्वतःशीसुद्धा नाही. ह्यांनी गोटा खाली ठेवला, माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग तो मधाच्या रंगाचा दगड माझ्यापुढं सरकवला.

"असं करू," म्हणाले. "आधी आवाज तुझा. तू हं म्हण, मग मी मारीन. तू म्हणेपर्यंत माझा हात वरच."

डोळे पुसून मी कड घासली. दगड चामड्यावर टेकवला, खालून बोटं दाबली. ह्यांनी गोटा उचलला आणि थांबले. माझं तोंडच उघडेना. शब्द तो केवढा, पण निघेना.

"लवकर बोल गं, हात भरून आला."

"बोलते हो! घाई कसली?" आणि त्याच दमात म्हटलं, "हं."

ठोका पूर्ण बसला. बोटांखाली काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि टवका माझ्या तळहातात आला, पातळ, रुंद, कडेपासून पार दगडाच्या मध्यापर्यंत गेलेला. मी तो त्यांच्यापुढं धरला. त्यांनी टवक्याकडे बघितलंच नाही.

"होता," म्हणाले.

"काय होता?"

"हात. होता तिथंच."

त्यांचे डोळे भरले होते. माझ्या बोटाच्या टोकाला रक्ताचा थेंब आला होता, तो दिसला तसे लगेच गोटा खाली ठेवू लागले.

"ठेवू नका," म्हटलं. "सुईनं रोज एवढं निघतं."

मी दगड फिरवला, पुढची कड बोथट केली, खालून बोटं दाबली. ह्यांनी हात वर केला आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबले.

"हं," मी म्हटलं.