निरगुडीची पुरचुंडी

कोंबड्यांच्या खुराड्यात सुगंधी पुरचुंड्या टांगणारी बाई अवसरी बुद्रुकच्या त्या वस्तीवर आधी कुणी पाहिली नव्हती, आणि पाहिली तेव्हा लोकांना हसू आवरेना. वृषालीनं तिकडं ढुंकून पाहिलं नाही. हसणाऱ्यांना काय, दुसरा उद्योग असता तर कशाला हसले असते! ती आपली निरगुडी, कडुलिंब, तुळस, गवती चहा आणि झेंडूच्या पाकळ्या स्लॅबवर सावलीत वाळवायची, वाळलेल्या लिंबाच्या साली घालून हातानं चुरायची आणि चिंधीत बांधून खुराड्यात टांगायची. उरलेला चुरा अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीच्या डालग्यात, भुशात मिसळून. वास कमी झाला, पिसवा कमी झाल्या. याहून जास्त गुण तिनं त्या पाल्याचा कधी कुणाला सांगितला नाही.

सासू, सारजाबाई, रोज कुरकुरायची. "माणसांच्या घरात वास येतोय लसणाचा आन् कोंबड्यांना अत्तर! माझ्या कुरडयांची जागा अडवली तुझ्या पाल्यानं."

"आत्या, तुमच्या कुरडया उन्हात, माझा पाला सावलीत. मंग भांडण कशाचं?"

"तोंड लई चालतंय तुझं," असं म्हणून म्हातारी पाल्याचं सूप पायानं सरकवायची, पण सांडायची नाही.

चिंध्या कुठल्या, तर ओटीतल्या ब्लाउजपीसच्या. ओटीतला ब्लाउजपीस कसा असतो ते बायकांना सांगायला नको. तो कुणी शिवत नाही, नुसता या घरातून त्या घरात फिरतो, आणि चार लग्नं हिंडून कधी कधी पहिल्या मालकिणीकडं परत येतो. वृषालीनं कपाटातला तो सगळा ढीग काढला, कात्री चालवली आणि तांबड्या-हिरव्या पुरचुंड्या केल्या. कोंबड्यांनी तरी वापरले!

आणि हसा नाहीतर रडा, खुराडं तिचं होतं. घर सासूच्या नावावर, जमीन भावकीत अडकलेली, पिकअप गाडी नवऱ्याची, गोरक्षची. खुराड्यासाठी मात्र बांबू आणि जाळी तिनं स्वतः मंचरहून आणली होती. तिथं कुठली कोंबडी ठेवायची, काय टांगायचं, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून अशी ही एवढीच जागा तिला मिळाली होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर मानमोडी आली. कोंबड्या माना वाकड्या करून पटापट मरायला लागल्या. वृषालीनं आपल्या कोंबड्यांना आधीच लस दिली होती. शेजारच्या यमाजीनानांना, म्हणजे तिच्या चुलत सासऱ्यांनाही ती सांगून आली होती, की नाना, माझ्या पाल्यानं ह्यो रोग जायचा न्हाई, लस घ्या. नानांनी हसण्यावारी नेलं. त्यांचं खुराडं आठवड्यात रिकामं झालं. हिचं तसंच भरलेलं. आणि त्यातच एका सकाळी नानांच्या उंबऱ्यात तांबडी पुरचुंडी सापडली.

झालं! आत लिंबाची साल, झेंडू, काळपट चुरा, वरून तांबडं कापड. करणी ओळखायला आणखी काय लागतं? नानांच्या बायकोनं, भागूकाकूनं, पुरचुंडी काठीनं उलटी केली आणि बोंब ठोकली, "आगं बया! ह्यो पीस तर मीच वृषालीच्या ओटीत घातला व्हता!"

वृषाली पळत गेली. "काकू, तुमच्याच कुत्र्यानं आणली असंल. काल आमच्या जाळीला तोंड घालत व्हता. कोंबड्यांचा पाला हाये त्यो, बघा, वास घ्या."

"लांब हो! वास घ्या म्हणं!"

"ऱ्हायलं. पर पिसाचा विषय काढलाच हाये म्हणून सांगते, देताना जरा बरा द्यायचा. पहिल्या धुण्यात माझी बादली तांबडी झाली."

हे बोलायला नको होतं. पण तिच्या तोंडाला झाकण नव्हतं, आणि काकूच्या तोंडाला तर त्याहून नव्हतं. दुपारपर्यंत सगळ्या वस्तीला करणीची बातमी लागली. भावकीत नानांचा शब्द चालायचा. त्यांनी फर्मावलं, की रविवारी बिरोबाच्या देवळात निकाल लागेल, तोवर खुराड्याचं दार उघडायचं नाही. गोरक्षनं मान डोलावली. शनिवारभर कोंबड्या आत कोंडलेल्या, जाळीला चोची मारत होत्या, आणि वृषाली तो आवाज ऐकत दातओठ खात होती.

रविवारी सकाळी देवळापुढं सगळे जमले. नानांनी भंडाऱ्याचं पितळी ताट मध्ये ठेवलं. बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद. ती मुठीत उचलून जे बोलेल ते खरं, त्यावर पुन्हा कुणी शंका काढायची नाही, अशी त्यांची रीत.

"भंडारा उचल आन् म्हण, मी करणी केली न्हाई," नाना म्हणाले. "लगीच विषय मिटला. न्हाई उचलला तर खुराडं मोडायचं, आन् भावकीनं तुमच्या दारात पाय ठिवायचा न्हाई."

"मी उचलणार न्हाई."

गलका उठला. मनात पाप नसंल तर भ्यायचं कशाला, असं मागून कुणीतरी म्हणालं. गोरक्ष तिच्या कानाशी आला. "आगं, उचल की. एका मिनटाचं काम. कशाला तमाशा?"

"तमाशा मी मांडलाय व्हय?" तिचा आवाज चढला. "आज पाल्यासाठी उचलला, तर उद्या कुणाची म्हस आटली तरी मलाच हितं उभी करतील. पोराला ताप आला तरी मलाच. मी काय जल्मभर हात पिवळं करत हिंडू?"

पोलिसात जाता येतं, एवढं तिलाही कळत होतं. पण तिला पोलीस नको होते. तिला हीच माणसं हवी होती, सरळ डोळ्यांची, आणि ती अशी वाकड्या डोळ्यांनी बघत होती याचाच तिला राग येत होता. रडू पण येत होतं. रडायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

"नाना, तुमी उचला आधी," ती म्हणाली. "उचला आन् सांगा, वृषालीनं मला लस घ्यायला सांगितलं न्हवतं. म्हणा की!"

नाना ताटाकडं बघायचं सोडून देवळाच्या खांबाकडं बघायला लागले. माणसं त्यांच्याकडं. मग नाना एकदम ओरडले, "उलटं बोलती! जा रं, खुराडं मोडा!"

दोघं जण उठलेही. वृषालीनं पुढं होऊन ताट उचललं, मुठीनं नाही, अख्खं ताट दोन्ही हातांनी. आणि त्यातला भंडारा जीव खाऊन उधळला. नाना, भागूकाकू, उठलेले दोघं, गोरक्ष, सगळे पिवळेजर्द. भंडारा कुणी अंगावरून झटकत नाही. सगळे तसेच राहिले.

"बिरोबाच्या नावानं..." ती ओरडली.

ही हाक अर्धी सोडायची नसते. गर्दीतून एक चिरका आवाज उठला, "चांगभलं!" ती सारजाबाई होती. तिच्या मागून दहा तोंडं, मग सगळा जमाव. नानांचंही तोंड उघडलं, "चांगभलं," आणि सवयीनं हात कपाळाला गेला.

"ह्यो उधळायचा असतो, नाना," वृषाली म्हणाली. "बायांना भ्या दावायला न्हाई."

नानांनी कपाळावरचा हात खाली घेतला. ज्याच्या नावानं आत्ताच चांगभलं म्हटलं, त्याच्याच दारात पुढं भांडायचं कसं? उठलेले दोघं हळूच खाली बसले.

सारजाबाईनं पदरानं डोळ्यातली हळद पुसली आणि सुनेच्या पाठीत धपाटा घातला. "उभी काय ऱ्हायलीस? कालपासनं कोंबड्या कोंडल्यात. जा, सोड जा."