शिडवाल्याची वाचनखूण

भाचीच्या कंपनीने केलेला समुद्री चाच्यांचा खेळ बाजारात येऊन बरेच दिवस झाले होते, पण तो लोकांना कसा वाटला हे वाचायचं धाडस मामांना काही होत नव्हतं. खेळणाऱ्यांची मतं उघड्यावरच होती, फोनवर बोट टेकवलं की कुणालाही दिसत. मामांचं बोट तिथवर जायचं आणि चटका बसल्यासारखं मागे यायचं.

"अहो, परीक्षेचा निकाल आहे का तो?" मटार सोलता सोलता मामी म्हणाल्या. "द्या इकडे. मी वाचते. तुम्ही हे सोला."

मामांनी फोन दिला, मटारचं भांडं मांडीवर घेतलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

मामा निवृत्त ग्रंथपाल. सगळा जन्म पुस्तकांच्या कपाटांत गेलेला, बोलणं जेमतेम. वाचनालयात ते टेबलामागे इतके गप्प बसत की नवा माणूस टेबलाशीच बोलतोय असं वाटे. व्हिडिओ गेममधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. तरी भाचीने गळ घातली होती, "मामा, आमच्या खेळात एक म्हातारा आहे. त्याचं बोलणं तू लिही. आमच्याकडे सगळे तिशीच्या आतले, कुणाला म्हातारं होताच येत नाही." मामा नाही नाही म्हणत बसले लिहायला, आणि मग त्यांना थांबवता थांबवता भाचीच्या नाकी नऊ आले.

लढाईत किंवा वादळात जहाजाचं शीड फाटलं की खेळणाऱ्याला एका बेटावर यावं लागे. तिथे उपड्या होडीच्या सावलीत शिडवाला म्हातारा बसलेला असे. तो सुई-दोरा घेऊन शीड शिवी आणि शिवता शिवता गोष्ट सांगे. हाडांच्या जहाजाची, चंद्र गिळून बसलेल्या माशाची, समुद्राच्या तळाशी भरणाऱ्या बाजाराची. गोष्ट संपली की शीड तयार. मध्येच उठायची सोय नव्हती. ही मामांची एकुलती एक अट होती.

बोक्याने तेव्हाच सांगून पाहिलं होतं. बोका म्हणजे कंपनीचा मुख्य प्रोग्रॅमर. दुपारी खुर्चीतच अंगाची गुंडाळी करून झोपायचा, म्हणून हे नाव. "मामा, लोक वाचत नाहीत हो. बटण दाबतात आणि पुढे जातात."

"मोठं माणूस बोलत असताना मध्येच कसं उठायचं?" मामांनी हळूच विचारलं होतं. भाचीने बोक्याकडे असं काही पाहिलं की विषय तिथेच मिटला.

मामी मोठ्याने वाचू लागल्या. "'जहाजं झकास. तोफांचा आवाज ऐकून शेजारी तक्रार करायला आला.' ऐकलंत? 'सोनेरी कासवाने मला दोनदा खाल्लं, तरी कासव आवडलं.' कासव तुमचं का हो?"

"नाही. ते बोक्याचं."

"तरीच खादाड आहे. 'जलपरीशी सौदा करताना पंधरा वेळा फसलो. माझी बायको म्हणते, खऱ्या आयुष्यातही तुझं असंच आहे.'" मामी हसल्या. पुढचं मत त्यांनी मनात वाचलं आणि गप्प झाल्या.

मामांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "वाच ना."

"काही नाही. याला धड लिहितासुद्धा येत नाही."

"अगं, वाच."

"'शिडवाला म्हातारा बोलायला लागला की मी पाणी प्यायला जातो. परत येतो. तो बोलतच असतो.'" मामींनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि घरी तुमच्या तोंडून दिवसाला दोन वाक्यं निघत नाहीत."

मामा हसले नाहीत. मग मामींनीही लपवाछपवी सोडली. 'सुटका करा या आजोबांपासून.' 'मागे शत्रूचं जहाज लागलंय आणि हे मला माशाची वंशावळ सांगतायत.' 'म्हातारा काढा, मी पाच तारे देतो. तोपर्यंत एक.' असे एक तारा देणारे पुष्कळच होते. एकाने तर सगळ्या मित्रांना खेळ घेऊ नका म्हणून कळवलं होतं.

मामांचा चेहरा उतरला, पण त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच. "एवढ्या लोकांनी लिहिलं?"

"शिव्या घातल्यात त्यांनी!"

"हो, पण लिहिलं तर खरं." वाचनालयाच्या दाराशी मामांनी सूचनांसाठी एक पेटी ठेवली होती. महिन्याच्या महिन्याला ती उघडत. आत चॉकलेटचे कागद निघत, एकदा कुणाचा तरी दात निघाला होता. मत असं कधी निघालं नाही. आणि इथे अनोळखी माणसं वेळ काढून, चुकतमाकत का होईना, त्यांच्या म्हाताऱ्याबद्दल लिहीत होती. मामांना वाईट वाटत होतं आणि कुठेतरी आत बरंही वाटत होतं, आणि दोन्हींची एकदमच लाज वाटत होती.

"भाचीला हे ठाऊक असेल?"

"तिचाच खेळ आहे. तिला नाही तर कुणाला ठाऊक असणार?"

"परवा तर म्हणाली, मतं छान आहेत."

मामींनी फोन खाली ठेवला. भाची असं का म्हणाली, हे दोघांनाही कळत होतं. भाचीची आई नोकरीवर जायची, त्यामुळे शाळा सुटल्यावर पोर वाचनालयात येऊन बसायची, मामांच्या टेबलाखाली पाय पसरून वाचायची. त्या दुपारांपायी ती आता आपला खेळ बुडवायला निघाली होती. म्हाताऱ्याला हात लावणार नव्हती आणि मामांना कळूही देणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामा बसमध्ये बसले आणि एकच वाक्य घोकत राहिले. काढून टाका त्याला. साधं वाक्य होतं, पण प्रत्येक थांब्यावर ते घशातून थोडं खाली घसरे.

कंपनी म्हणजे चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिना चढताना चामड्याचा वास सोबतीला येई. दाराशी पुठ्ठ्याचा एक चाचा उभा होता. त्याचा एक कान फाटला होता आणि त्याच्या तलवारीला कुणीतरी छत्री अडकवली होती. मामांना पाहून भाची उठली, बोक्याने घाईघाईने समोरच्या संगणकाचा पडदा बंद केला.

"बंद करू नकोस," मामा म्हणाले. "मी वाचलंय सगळं. म्हणजे, हिने वाचून दाखवलं." आणि उसनं अवसान आणून त्यांनी वाक्य टाकलं, "काढून टाका त्याला."

"मुळीच नाही," भाची म्हणाली.

"मामा, मला वाटलं तुम्ही मला हाणायला आलात," बोका पुटपुटला. "मी आत्ता ताईंना तेच सांगत होतो. म्हातारा ठेवला तर पुढच्या महिन्यात कंपनीला कुलूप."

"लागू दे कुलूप, म्हातारा राहील," भाची म्हणाली. "मी त्याला काढणार नाही. आणि मामा, तू मध्ये पडू नकोस."

"अगं, माझाच म्हातारा आहे तो."

मामांनी खुर्ची ओढली. "मला एकदा दाखवा तरी, माणूस खेळतो कसा ते. मी आजवर पाहिलंच नाही."

हे खरं होतं. त्यांनी म्हाताऱ्याचं प्रत्येक वाक्य दहादा तपासलं होतं, पण ते ऐकणाऱ्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. बोका खेळायला बसला. समुद्र निळाशार होता, काळं जहाज पाठीमागे लागलं होतं, शीड टरकन फाटलं. बोका ओणवा झाला, डोळे चमकले, बेट गाठलं. उपड्या होडीच्या सावलीतून म्हातारा बोलू लागला, "ये, बस. हे शीड पाहून मला एक मासा आठवला..."

मामांनी पडद्याकडे पाहिलं नाही. बोक्याच्या हाताकडे पाहिलं. बोट टेबलावर टकटक वाजायला लागलं होतं. बोक्याला स्वतःलाही ते कळत नव्हतं.

ती टकटक मामांच्या ओळखीची होती. वाचनालयात पुस्तक बदलायला आलेली माणसं टेबलावर अशीच बोटं वाजवत. कुणाची बस चुकत असे, कुणाचं दूध चुलीवर असे. मामांनी त्यांना कधी अडवलं नव्हतं. पुस्तक पुढे सरकवत, आणि त्यात जाड कागदाची एक पट्टी घालून देत. रिकाम्या वेळात ते स्वतःच त्या कातरून ठेवत. माणूस पुस्तक अर्ध्यावर सोडणार हे गृहीतच धरलेलं होतं. सोडण्यात त्यांना कधी अपमान वाटला नव्हता. आणि आता, पहिल्यांदाच आपलं ऐकायला कुणी समोर आलं, तर त्याला पकडून बसवलं होतं.

"त्याला सोडू दे," मामा म्हणाले.

"कुणाला?"

"खेळणाऱ्याला. शीड आधी शिवून द्यायचं. जुना कारागीर आहे तो, हात चटकन चालतो त्याचा. मग बोलायचं. ज्याला बसायचं तो बसेल, ज्याला जायचं तो मध्येच उठेल. फक्त..." मामा अडखळले. "बोक्या, तो माणूस कुठल्या वाक्यावर उठला, हे म्हाताऱ्याच्या लक्षात राहील का?"

बोक्याची टकटक थांबली. "म्हणजे परत आला की तिथूनच पुढे? वाचनखूण?"

"वाचनखूण," मामा म्हणाले आणि लाजले.

"जमेल की! अहो, आधी का नाही सांगितलंत?"

"आधी मला अक्कल नव्हती."

"ती तुला अजूनही नाही," भाची म्हणाली आणि डोळे पुसत उठली. "चहा कोण घेणार?"

मामांनी नवी वाक्यं तिथेच लिहिली, मध्येच उठून जाणाऱ्यांसाठी. 'निघ, वारा पडायच्या आत निघ. मासा कुठे जात नाही.' 'जा बाबा. काळं जहाज माझ्या गोष्टीसाठी थांबणार नाही.' आणि परत येणाऱ्यांसाठी, 'आलास? कुठे होतो आपण? हां, माशाच्या पोटात.' एवढं लिहिताना त्यांना जितकी मजा आली तितकी माशाच्या सगळ्या वंशावळीतही आली नव्हती.

नवा बदल खेळात जाऊन काही आठवडे झाले. मामांचं बोट पुन्हा फोनपाशी जाऊन मागे येऊ लागलं, तेव्हा मामींनी न विचारताच फोन उचलला.

"'म्हातारा अजून आहेच. पण आता चालेल.' घ्या, याला तुमचं चालतं. 'जलपरीने पुन्हा फसवलं.' हा तोच दिसतोय, बिचारा. आता ऐका हं." मामींचा आवाज थोडा बदलला. "'मी कामाच्या मधल्या सुट्टीत खेळते. घाईच असते. शीड शिवून झालं की पळते, आजोबांचं कधी पूर्ण ऐकलं नव्हतं. काल बऱ्याच दिवसांनी बेटावर गेले, तर ते म्हणाले, आलीस? कुठे होतो आपण? मी गेल्या वेळी अर्धंच वाक्य ऐकून पळाले होते, तिथूनच त्यांनी सुरू केलं. माझी वाट पाहत कुणी गोष्ट थांबवून ठेवली होती, याचं मला काय वाटलं ते सांगता येत नाही. सुट्टी संपेपर्यंत तिथेच बसले. ज्यांनी हे लिहिलं त्यांचे आभार.'"

मामांनी फोन घेतला, खाली उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी उरलं ते एवढंच, 'आभार तर मी मानायचे. तुम्ही परत आलात.'

"झालं?" मामी म्हणाल्या. "एवढी माशाची वंशावळ लिहिणारा माणूस तो हाच का?"

"अगं, मला काय वाटतं सांगू? त्या वाचनालयात एकदा एक बाई यायच्या..." मामा सुरू झाले, आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मामी अर्धवट उठल्या, मामांकडे पाहून घुटमळल्या.

"जा, जा," मामा म्हणाले. "बाई कुठे जात नाहीत."

मामी गेल्या, गॅस बंद केला, पदराला हात पुसत परत आल्या आणि खुर्चीत नीट टेकून बसल्या.

"हं. कुठे होतो आपण?"