सहलीला गेलेली मुलं

इनासने रिकामा बाक गुडघ्याने हळूच भिंतीकडे सरकवला आणि त्याच्यापुढे उभी राहिली. तपासणी पथकाच्या प्रमुख डॉक्टर मर्वत फळ्यावर भागाकाराचं गणित लिहीत होत्या. लिहून त्या वळल्या तर वर्गातले झाडून सगळे हात वर. कोणी खाली मान घातली नव्हती, कोणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावत नव्हतं.

"वर्ग भलताच तयार आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या.

इनास हसली आणि बाकापुढून हलली नाही.

पथक तिघांचं होतं, पण शाळेची एक शिक्षिका दिवसभर त्यांच्याबरोबर असायची. वर्ग दाखवायचे, मागतील ते पुरावे आणून द्यायचे, आणि दुपारी ते तिघं दार लावून बोलायला बसले की तिथंही बसायचं. त्या खोलीत शाळेच्या वतीने बोलणारं दुसरं कोणी नाही. मुख्याध्यापिका सुहैर हज्जांनी या कामाला इनासचं नाव दिलं तेव्हा बऱ्याच जणींनी नाकं मुरडली होती. हज्जांचं म्हणणं सरळ होतं : हिच्यावर शंका घ्यायची समोरच्यालाच लाज वाटते.

मागच्या तपासणीला कच्च्या मुलांना घरी बसायला सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या आयांनी फाटकात उभं राहून हज्जांचा उद्धार केला होता. या खेपेला सहलीची कल्पना इनासची. नाईलच्या काठची बाग, होडीतून एक चक्कर, प्रत्येकाला आइस्क्रीम. निदान पोरांचा दिवस तरी बरा जाईल, असं ती म्हणाली होती, आणि तिला तसं मनापासून वाटलंही होतं.

काल दुपारी तिचा झियाद दप्तर न काढताच स्वयंपाकघरात आला.

"आई, माझी निवड झाली."

सहलीसाठी. रबाब मिसनी चौथीच्या वर्गात काही जणांना उभं केलं, त्यात तो होता आणि त्याच्या बाकावरचा बद्र. सँडविच दोघांना पुरतील एवढी हवी होती, भरपूर तिळाची ताहिना घालून. इनासने तामियाचे वडे तळायला घेतले आणि त्याला म्हणाली, जरा वाचून दाखव बघू. तो वाचत होता. एका लांबलचक शब्दाशी अडखळला, मागे गेला, पुन्हा आला. तिने पुढचं पान काढायला सांगितलं, मग त्याच्या पुढचं. कढईतले तामिया काळे पडले. झियादनेच उठून गॅस बंद केला.

सकाळी बसच्या खिडकीतून त्याने राजासारखा हात हलवला. रबाबला गाठून विचारायला सवड नव्हती. पथक तोवर फाटकात आलं होतं. वर्गावर्गातून हिंडताना इनासचा एक हात सारखा दुसऱ्या हातातली अंगठी फिरवत होता. दुपारपर्यंत तिचं ठरलं होतं.

बैठकीच्या खोलीबाहेर हज्जा चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"हज्जा, मी आत सांगणार आहे. मुलं बागेत का पाठवली ते."

हज्जांनी ट्रे खिडकीत ठेवला.

"झियादमुळे?"

"माझ्या मुलाला वाचता येत नाही, हे मला बसमध्ये बसवताना कळावं?"

हज्जा दबक्या आवाजात हसल्या.

"अगं वेडे, त्या वर्गात तुझ्या पोरासारखं वाचणारी दोन मुलं नाहीत. त्याला बसमध्ये मी घातला. मागच्या वेळचा तमाशा विसरलीस? मिसचं पोर खिडकीत दिसलं की कोणत्या आईची जीभ उचलणार आहे?"

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. जा आता, चहा निवतोय."

इनासला संताप यायला हवा होता. तो नंतर आलाही. पण आधी तिचे खांदे खाली आले. ती क्षणभर भिंतीला टेकली. ट्रे उचलला तेव्हा एकही पेला किणकिणला नाही.

आत डॉक्टर मर्वतांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. बाकी सगळं उत्तम, त्या म्हणाल्या, फक्त प्रत्येक वर्गात थोडी थोडी जागा रिकामी होती. ती मुलं कुठं आहेत?

"सहलीला," इनास म्हणाली. "वर्षभर ज्यांनी मेहनत घेतली, त्यांना शाबासकी म्हणून."

"आजच?"

"आधीच ठरलं होतं. आपल्या तपासणीपायी पोरांचा हिरमोड कशाला, म्हटलं."

डॉक्टर क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनीच नजर वळवली आणि चहाचा पेला जवळ ओढला.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "मुलांचा इतका विचार कोण करतं हल्ली."

बस परतली तेव्हा पथक निघून गेलं होतं आणि हज्जा सगळ्यांना बस्बूसाच्या गोड वड्या वाटत होत्या. इनास फाटकात आली. झियाद आणि बद्र एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उतरले, दोघांच्याही सदऱ्यांवर आइस्क्रीमचे डाग. बद्रची आई इस्त्रीच्या दुकानातून तशीच धावत आली होती. तिने इनासचा हात दोन्ही हातांत धरला.

"मिस, खरं सांगू? मी आज याला पाठवणारच नव्हते. म्हटलं, आमच्या ठोंब्याला कोण निवडतंय, यात काहीतरी काळंबेरं आहे. मग खिडकीत तुमचा झियाद दिसला. म्हटलं, मिसचा मुलगा आहे, म्हणजे खरंच निवडलंय."

बद्रची आई हात सोडेना.

"याचा बाप कुवेतहून फोन करेल आता. पहिलं हेच विचारेल. काय बघून निवडलंत हो याला?"

बद्रही उत्तरासाठी थांबला होता.

"वाचन," इनास म्हणाली. "वाचन छान आहे त्याचं."

बद्रने आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. झियादने त्याच्या गळ्यातला हात काढून घेतला आणि तो इनासकडे बघत राहिला.