साहेबांच्या तोंडाचं कापड

मासान शिंपिणीच्या टेबलावर सहा वार कापड पसरलेलं, आणि त्यातनं राष्ट्रपतीसाहेब तिच्याकडं बघत होते. दर झेंड्याच्या दिवसाला साहेबांचं तोंड छापलेलं कापड यायचं. बायकांनी ते शिवून घालायचं आणि मिरवणुकीत चालायचं. पूर्वी तोंड पेरूएवढं असायचं. दोन तोंडांच्या मधनं कात्री आरामात जायची. पण साहेब फुगत गेले तसा छापही फुगला. यंदा अख्ख्या सहा वारात एकच तोंड. एक गाल या काठाला, दुसरा त्या काठाला.

आणि साहेबांच्या तोंडाला कात्री लावणं म्हणजे राजद्रोह. शेजारच्या फोलीनं, गावातल्या एकुलत्या एक पुरुष शिंप्यानं, गेल्या साली बाही बेतताना अर्धा कान कापला. त्याला नेलं ते नेलंच.

"उरक की गं," पंख्याखाली बसलेली कलेक्टरीणबाई म्हणाली. "उद्या पहिल्या रांगेत चालायचंय मला."

"बाईसाहेब, गळा काढला तर नाक जातंय."

"मग नाक वाचव."

"नाक वाचवलं तर डोळा जातोय. एदेमदादा, डोळा गेलेला चालेल का?"

दाराशी हवालदार एदेम सुरण खात बसलेला. "मला नको विचारू बाई. मी फक्त मोजणार. दोन डोळे, दोन कान, एक नाक. कमी भरलं तर चल माझ्याबरोबर."

"आणि हनुवट्या?"

"तेवढ्या मोजायला माझा पगार पुरत नाही." बोलून गेला आणि कापडाकडं बघत त्यानं पटकन स्वतःचं तोंड दाबलं.

मासाननं खूण करायला साहेबांच्या ओठांवर खडू टेकवला. उचलला तर ओला. तिनं तो पुसून ठेवून दिला.

"दादा, सुईनं टोचलेलं चालतं ना?"

"टोचण्याबद्दल हुकूम नाही."

मग मासाननं कात्री बाजूला ठेवली. अख्खं कापड बाईंच्या भोवती गुंडाळलं, गळ्याशी नाडी ओवली, आणि मानेपासून घोट्यापर्यंत शिवून टाकलं.

"अगं, माझे हात?"

"आतच राहू देत, बाईसाहेब. साहेबांच्या मिठीत."

"मिठीत! अगंबाई!" कलेक्टरीणबाई लाजली.

दुसऱ्या दिवशी राजधानीतनं आलेले मंत्री ते बघून इतके खूश झाले की आठवड्यात फर्मान निघालं. महिन्याभरात देशातल्या प्रत्येक बाईनं असाच पोशाख घालायचा, आणि कायमचा.

दुकानासमोर रांग लागली. "मासान, पोराला उचलू कशी?" "नाकावर माशी बसली तर?" मासान वर बघायची नाही. शिवायची. गावातल्या साऱ्या शिंपिणीही तिनंच शिवून टाकल्या.

शेवटच्या दिवशी एदेम आला. "सगळ्या झाल्या. तू राहिलीस."

तिनं कापड अंगाभोवती घेतलं, गळ्याची नाडी ओढली. पुढची शिवण हातभर घातली आणि थांबली. "दादा, उरलेली घालायला हात बाहेर लागतात. ज्यांना शिवता येतं त्या सगळ्या आत आहेत."

"मला येत नाही गं."

"मग मला सोडून जा."

एदेमनं एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा कापडावरच्या डोळ्यांकडं. मग गुडघ्यावर बसला आणि सुई उचलली.

मासाननं हात आत घेतले.

"बारीक टाका घाल, दादा," ती म्हणाली. "उसवलं तर नेतील तुलाच."