अकराव्या पलटणीचा पट्टा

ल्यूबेन मास्तरांनी कमरपट्टा टेबलावर ठेवला, शेजारी चार पानांचे टिपण ठेवले, आणि टिपणाची कड टेबलाच्या कडेशी समांतर केली. सिलिस्त्राच्या तांत्रिक शाळेत एकतीस वर्षे यंत्ररेखन शिकवलेल्या माणसाला तिरका कागद सोसत नसे.

दर जूनच्या पहिल्या शनिवारी संग्रहालयाच्या मागल्या अंगणात ही तपासणी होई. एके काळी या गावात तळ ठोकून असलेल्या रोमन अकराव्या पलटणीचा वेष करून एका हौशी मंडळाची वीसेक माणसे उन्हाळ्यात डॅन्यूबच्या काठाने संचलन करीत. अंगावर चढणाऱ्या प्रत्येक वस्तूचा पुरावा दाखवावा लागे: ती कोणत्या उत्खननातली, कोणत्या दशकातली, आणि कशावरून बेतलेली. एक वस्तू जरी नापास झाली तरी तो माणूस त्या वर्षी साध्या अंगरख्यात पाण्याची गाडी ओढी. मास्तरांनी ती गाडी दोन उन्हाळे ओढली होती. पहिल्यांदा चपलांच्या खिळ्यांपायी, दुसऱ्यांदा शिरस्त्राणाच्या मानपट्टीपायी. मंडळाच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे साठीनंतर चिलखत घालता येत नसे, आणि ऑक्टोबरात मास्तरांना साठ वर्षे पूर्ण होत होती. चपला आणि शिरस्त्राण सकाळीच मंजूर झाले होते. उरला होता तो पट्टा, आणि पट्ट्यावाचून शिपाई हा शिपाईच नव्हे. रोमन लोक गुन्हेगार शिपायाला पट्टा काढून उभे करीत, ते उगाच नव्हे.

मंडळाचा शतनायक ओग्न्यान एरवी रुग्णवाहिका चालवी. त्याने पट्टा उचलला.

"चामडं?"

"गाईचं. झाडाच्या सालीत कमावलेलं, तीन मिलिमीटर. मूळ पट्ट्यावरच्या धातूच्या पत्र्यामागे रिवेटांत जेवढी फट शिल्लक आहे, तेवढंच जाड. त्याहून जाड घालतात ते डोळ्याला बरं दिसावं म्हणून."

"आणि पत्रे?"

"पितळ, वर कल्हई. उत्खननाच्या अहवालातलं चौदावं चित्र. पडताळून पाहा."

ओग्न्यानने पहिला पत्रा छायाप्रतीतल्या चित्रावर ठेवला. रेषेवर रेषा बसली. कमळाच्या पाकळीचे टोकसुद्धा सरकले नाही. तो समाधानाने हसला आणि वहीत ‘मंजूर’ असे लिहून मोकळा झाला.

प्रकरण इथेच मिटले असते. पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जर्दाळूच्या बागांचा मालक पेन्चो आपला पट्टा घेऊन उभा होता. तो त्याने एका कारागिराकडून तयार मागवला होता. त्याच्या पत्र्यांवरही तेच कमळ होते, आणि तोही मंजूर झाला होता. मास्तरांची नजर त्यावर गेली आणि तिथेच अडली.

"हा कमरपट्टा आहे की बैलाच्या गळ्यातला?"

"का हो मास्तर, काय झालं?"

"दीडपट मोठा आहे! एकाच पत्र्याच्या या दोन नकला, मग दोन्ही बरोबर कशा असतील?"

"मग तुमचा लहान असेल."

"माझा चित्राबरहुकूम आहे."

"तुमचं चित्र उपाशी असेल, मास्तर." पेन्चोने पोटावरून हात फिरवला. लोक हसले, आणि त्या हसण्याने मास्तरांना चेव चढला.

"ओग्न्यान, याची मंजुरी मागे घ्या. नाहीतर मूळ वस्तू आणून मोजा. मी लेखी मागणी करतो."

लेखी मागणीची गरज पडली नाही. संग्रहालयाच्या भांडारपाल देसिस्लावाबाई ओट्यावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या होत्या. त्या आत गेल्या आणि कापसावर ठेवलेला हिरवट पत्रा खणासकट घेऊन आल्या. मास्तरांनी खिशातली मोजपट्टी स्वतःच पुढे केली.

रुंदी पंचेचाळीस मिलिमीटर भरली. पेन्चोचा पत्रा पंचेचाळीस होता. मास्तरांचा तीस.

"चित्राखाली प्रमाण लिहिलेलं आहे ना," देसिस्लावाबाई अहवालाचे पान उघडत म्हणाल्या. "हे बघा, अगदी खाली. दोनास तीन. चित्रात दोन, तर वस्तूत तीन."

मास्तरांच्या छायाप्रतीत ती ओळ नव्हती. यंत्रातून पान किंचित तिरके निघाले होते, म्हणून त्यांनी त्याची खालची कड धारदार पात्याने सरळ कापून टाकली होती. प्रमाण न लिहिणाऱ्या मुलांचे कागद ज्यांनी एकतीस वर्षे न तपासता परत केले, त्यांनी स्वतःच्या हाताने प्रमाण कापून कचऱ्याच्या डब्यात टाकले होते.

अंगणात कोणी हसले नाही, आणि ते अधिक लागले.

"मी तर मंजूर लिहून बसलोय," ओग्न्यान अवघडून म्हणाला. "अरुंद पट्टे इतर ठिकाणी सापडले असतीलच की. तुम्हीच सांगा, मास्तर. तुम्ही म्हणाल तसं."

असे पट्टे सापडले होते. कुठे, कोणत्या थरात, कोणाच्या मते, हे सारे मास्तरांना पाठ होते. तीन मुद्दे त्यांच्या मनात आपोआप रांगेने उभे राहिले, आणि ते मांडले असते तर त्यांना खोडून काढील असा माणूस अंगणात नव्हता. पण पुराव्यावरून वस्तू बेतावी लागते; वस्तू आधी करून मागाहून तिच्यासाठी पुरावा शोधणाऱ्यांची त्यांनी आजवर बिनपाण्याने केली होती.

"खोडा," ते म्हणाले. "तपासणी पाचपर्यंत आहे ना?"

"पाचपर्यंत."

अकरा वाजले होते. घरी जाऊन त्यांनी उरलेल्या कातड्यातून पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीची पट्टी कापली. कमळ कोरायला आठवडा लागला असता. पण त्याच खणात तीन साधे, नक्षी नसलेले पत्रे होते, हे त्यांनी निघताना पाहून, मोजून घेतले होते. पाच साधे पत्रे कापले, घासले, नवसागर टाकून कल्हई चढवली, रिवेट ठोकले. दोन बोटे भाजली. तीन वाजता पट्टा उभा राहिला आणि त्याला बक्कल नव्हते. जुने बक्कल तीस मिलिमीटरचे होते, आणि नवे ओतायचे तर मातीचा साचा वाळायलाच दोन दिवस लागत.

गावात त्या मापाचे बक्कल असलेच तर एकाच माणसाकडे असणार, हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी पाव तास दुसरा मार्ग शोधण्यात घालवला.

पेन्चो बागेत पेट्या रचत होता.

"या मास्तर! बैल बघायला आलात?"

"सकाळी मी चुकलो. तुझा पट्टा बरोबर होता."

"हे सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं."

"म्हणेन. तुझ्याकडे जादा बक्कल आहे का?"

"आहे एक. हिवाळ्यात माझी कंबर सुटली, म्हणून कारागिराने दुसरा पट्टा धाडला. जुन्याचं पडून आहे." पेन्चो पेटीवर बसला. "पण उसनं चालत नाही आपल्यात. वस्तू स्वतःची लागते."

"विकत दे."

"पैसे नकोत. रोमन शिपाई सामान एकमेकांना देत आणि प्रत्येक जण आपलं नाव त्यावर कोरी. तुम्हीच मला हे एकदा तासभर ऐकवलं होतं. बकलामागे आधी माझं नाव कोरा, मग त्याखाली तुमचं. माझं वर!"

मास्तरांनी तोंड उघडले. नावांचा क्रम, अक्षरांची धाटणी, पेन्चो या नावाचे लॅटिन रूप यांवर त्यांना बरेच काही म्हणायचे होते. त्यांनी घड्याळ पाहिले आणि तोंड मिटले.

पाचाला दहा मिनिटे असताना ओग्न्यानने मोजपट्टी लावली. पंचेचाळीस. देसिस्लावाबाईंनी साधे पत्रे खणातल्या पत्र्यांशी ताडून मान डोलावली. बक्कल उलटे केल्यावर ओग्न्यानने मागची दोन नावे मोठ्याने वाचली.

"हा पहिला कोण?"

"माझ्या आधीचा मालक," मास्तर म्हणाले, आणि मग अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाले, "सकाळी ज्याचा पट्टा बरोबर होता आणि ज्याला मी वाटेल ते बोललो, तो."

पेन्चोने टोपी काढून चहूकडे वाकून नमस्कार केला. ओग्न्यानने वहीतली खोडलेली ओळ सोडून खाली नवी लिहिली.

"मंजूर. दुसरी रांग, उजवीकडून चौथे."

मास्तरांनी पट्टा कमरेला आवळला, बकलाची जीभ भोकात बसवली, आणि वहीत डोकावले.

"दुसरी का?" ते म्हणाले. "रांगा कशावरून ठरवता, ते आधी दाखवा."