बाटलीत पाणी होतं

गॅरेजात त्याला सगळे तुफान म्हणत. हे नाव ठेवलं होतं त्याच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. इंजिनाचं काम तुफानचं, वायरिंगचं दाजींचं, अशी बावीस वर्षांची जोडी. एकाला दम नाही, दुसऱ्याला घाई नाही. पण गॅरेज चाललं ते दोघांमुळेच.

त्या हिवाळ्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी तिसऱ्यांदा दारात आली. तक्रार तीच: हीटर मनाला येईल तेव्हा चालतो. पहिल्या वेळी तुफाननं स्वतः मोठ्या रस्त्यावर गाडी पळवून पाहिली होती. हवा छान गरम. "काही झालेलं नाही," म्हणून त्यानं बाईंना वाटेला लावलं. दुसऱ्या वेळी नुसत्या अंदाजानं, आतली झडप फिरवणारी छोटी मोटर बदलायला लावली. दाजींनी कुरकुरत ती बदलली. आठ दिवसांत बाई पुन्हा हजर, थंडीनं नाक लाल झालेलं.

"सिग्नलला थांबले की गार हवा, गाडी वेगात असली की गरम," बाई म्हणाल्या. "आता मी काय सिग्नल तोडत हिंडू?"

दाजींनी डोकं वर केलं. "थांबल्यावर पंखा चालतो ना?"

"चालतो की! बर्फ फेकतो तोंडावर."

"मग यात विजेचा दोष नाही," दाजी तुफानला म्हणाले. "इंजिनातलं गरम पाणी हीटरपर्यंत पोचत नसणार. पाणी बघ."

"बघितलंय. रेडिएटरशेजारची पाण्याची बाटली काठोकाठ भरलीय."

"बाटली नको बघू. रेडिएटर उघडून बघ."

सकाळपासून चार गाड्या खोळंबलेल्या, त्यात गिऱ्हाइकासमोर हे धडे. तुफानचं टाळकं सरकलं.

"इंजिन तुम्ही मला शिकवू नका, दाजी. डोळे अधू झालेत तुमचे. एखादी वायर सैल राहिली असेल. चुकलं तर चुकलं म्हणा की!"

दाजी उठले. टेस्टर पुसून खोक्यात ठेवला, कामाचा कोट खुंटीला लावला आणि बाहेर पडले. जेवायला गेले असतील, असं तुफानला वाटलं. ते परत आलेच नाहीत.

तुफाननं दोन दिवस त्या गाडीच्या वायरी उसकटल्या. हाती भोपळा. तिसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंडगार असताना, नाइलाजानं रेडिएटरचं झाकण काढलं आणि आत बोट घातलं. बोट कोरडं निघालं.

झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं. तापलेलं पाणी बाटलीत जायचं, पण गार झाल्यावर ते परत आत ओढलं जात नव्हतं. म्हणून बाटली भरलेली आणि आत ठणठणाट. वेगात पंप उरलंसुरलं पाणी हीटरपर्यंत ढकलायचा; गाडी थांबली की हीटरच्या नळ्यांत नुसती हवा. त्यानं पाणी भरलं, इंजिन चालू ठेवून बुडबुडे संपेपर्यंत वाट पाहिली, मग नवं झाकण बसवलं. जागच्या जागी उभ्या गाडीत ऊब यायला लागली. तुफानला घाम फुटला; तो काही हीटरमुळे नव्हता.

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. ताई "ये" म्हणाली, पण काय खातोस ते तिनं विचारलं नाही. दाजी खिडकीशी रेडिओ खोलून बसले होते.

"दाजी, तुमचंच खरं होतं. झाकण गेलं होतं. चुकलो मी."

"ते झाकण भल्याभल्यांना फसवतं. नवं टाकलंस ना?"

"टाकलं. उद्यापासून या तुम्ही."

दाजींनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "डोळे अधू झालेत म्हणालास ना? दुसऱ्याच दिवशी तपासून आलो. वयाच्या मानानं उत्तम आहेत म्हणे. पण आता साधी वायर जोडली तरी तीनतीनदा बघतो मी. तुझं बोलणं हातात जाऊन बसलंय माझ्या. असं काम होत नाही, बाबा."

"रागाच्या भरात गेलं तोंडातून."

"ठाऊक आहे. राग नाही माझा." मग स्क्रूड्रायव्हर पुन्हा उचलत त्यांनी विचारलं, "बाईंना सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. गाडी देताना 'झालं काम' म्हणून किल्ली हातात ठेवली होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तुफान दवाखान्यात गेला. गाल धरून बसलेल्या पेशंटांमध्ये तासभर थांबला आणि नंबर आल्यावर उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चूक माझी होती, दाजींची नाही.

"अहो, मला तर तेव्हाच त्यांचं पटलं होतं," बाई म्हणाल्या. "किती नीट विचारत होते ते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचा आवाज एवढा चढलेला. म्हटलं, घरचं काही असेल, आपण कशाला मध्ये पडा."

तुफाननं हे फोनवर दाजींना सांगितलं. "बरं झालं सांगितलंस," म्हणून त्यांनी फोन ताईकडे दिला. येणंजाणं तुटलं नाही, पण दाजी गॅरेजची पायरी पुन्हा चढले नाहीत.

वायरिंगला त्यानं नवा माणूस ठेवला. हाताला चांगला आहे, वेळेवर येतो. एखादी गाडी अडून बसली की तुफान आता मुद्दाम थांबतो आणि त्याला विचारतो, "तुला काय वाटतं?"

"तुम्ही म्हणाल तसं," तो माणूस म्हणतो.