पंखाच्या पोटातली क्लिप

शनिवारी सकाळी साच्याचे बोल्ट काढता काढता वसुंधराबाईंच्या मनात आलं, बेलक्रँकची क्लिप आपण लावली का?

आलं ते आलं, आणि मग काही केल्या जाईना. सव्वीस बोल्ट होते, बाराव्यावर हात थांबला. आठवायला गेल्या तर काल सकाळचं बाकी सगळं डोळ्यांसमोर होतं. साच्याच्या दोन्ही अर्ध्या भागांत बसवलेलं काचेचं कापड, कडेला लावलेलं घट्ट रेझिन, हातातले चिकट मोजे. क्लिप तेवढी दिसेना.

आता ही क्लिप म्हणजे काय एवढं प्रकरण, ते सांगायलाच हवं. वसुंधराबाईंचं हे घरी बनवलेलं छोटं विमान रिमोटवर उडत नाही. त्याच्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा बाहेर येतात. उडवणारा मैदानात मधोमध उभा राहतो, तारांची मूठ हातात घट्ट धरतो, आणि विमान त्याच्याभोवती गरागरा फिरतं. त्या तारा पंखाच्या पोटात एका त्रिकोणी पट्टीला बांधलेल्या असतात, तीच बेलक्रँक. ती एका खिळ्यावर फिरते, आणि खिळ्यावरून निसटू नये म्हणून वर नखाएवढी क्लिप. ती नसेल तर जमिनीवर तारा कितीही ओढून बघा, कळणार नाही. इंजिनाच्या थरथरीनं पट्टी हळूहळू वर सरकणार, आणि मग दीड किलोचं विमान ताशी शंभराच्या वेगानं सरळ सुटणार. समोर कोण आहे हे ते थोडंच बघतं! उद्या सिमरोलच्या मैदानात ते उडवून दाखवायचं होतं, आणि समोर साठ शाळकरी पोरं असणार होती.

लाकडी पट्ट्यांचा पंख असता तर वरचा कागद फाडून बघितलं असतं. हा साच्यातला पंख. वरचा आणि खालचा भाग एकदा चिकटला की आत काय आहे ते देव जाणे.

वसुंधराबाईंनी तीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना फिटर केलं. त्यांचा एकच नियम, जे केलं ते मोठ्यानं बोलायचं. "नट कसला." "वॉशर घातला." पोरं हसायची, पण एकाचंही काम कधी परत आलं नाही. घरीही त्या तशाच बडबडत काम करायच्या. म्हणजे कालही बोलल्याच असणार! त्या तशाच बाहेर आल्या.

बाहेर त्यांचे यजमान संताजीराव पेपर वाचत होते. पूर्वज होळकरांच्या घोडदळात, आणि हे वीज मंडळातून रिटायर. रुबाब मात्र घोड्यावरचाच. विमान बायको बनवणार आणि उडवणार हे, असं इंदूरच्या जुनी इंदूर भागातल्या त्या घरात बावीस वर्षं चाललं होतं.

"अहो, काल मी 'क्लिप लावली' म्हटलेलं ऐकलंत का?"

"हो तर! दोन खोल्या पलीकडे ऐकू आलं. तुझा आवाज काय साधा आहे का यार?" संताजीरावांनी पेपरातून मानसुद्धा वर काढली नाही.

हुश्श! वसुंधराबाईंचा जीव भांड्यात पडला. उरलेले बोल्ट त्यांनी भराभर काढले, साच्याच्या फटीत लाकडी पाचर सारली, आणि कडकन आवाज होऊन पंख सुटला. काय देखणा निघाला होता म्हणून सांगू! ना बुडबुडा, ना सुरकुती. नऊ आठवडे सार्थकी लागले म्हणत त्या पंखाला लागलेलं साच्याचं मेण पुसायला बसल्या. अर्धा पंख पुसून झाला आणि फडकं हातातच राहिलं.

काल सकाळी हे घरी होतेच कुठे? मैदानात चुन्याचं वर्तुळ आखायला सिमरोलला गेले होते. दुपारी एकला आले, पँटला गुडघ्यापर्यंत चुना. म्हणजे एवढं बरं आठवतंय!

"अहो, तुम्ही खोटं बोललात."

संताजीरावांनी पेपर खाली ठेवला. "अगं, टेन्शन मत ले. लावलीच असशील. आणि उद्या मूठ माझ्या हातात आहे ना?"

"मूठ राहील हो तुमच्या हातात. विमान राहील का? कापूनच बघते."

"वसू, नको कापूस. कापलास तर तुकडा जोडून, सुकवून, घासायला दोन दिवस. उद्याचं सगळं बोंबललं. पोरं किती दिवस वाट बघतायत." मग जरा घाईनं म्हणाले, "तू काही विसरत नाहीस."

ते इतकं घाईनं आलं की वसुंधराबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग आत गेल्या आणि कटर लावला. कापताना त्यांना रडू येत होतं, रागही येत होता, आणि दोन्ही कुणावर ते कळत नव्हतं. पांढरी धूळ उडाली. पोस्टकार्डाएवढा तुकडा निघाला. टॉर्च मारला.

क्लिप जागेवर होती. वर त्यांच्या सवयीप्रमाणे लाल नेलपॉलिशचा थेंबही होता, हलू नये म्हणून.

"बघ! बघ! सांगत होतो की नाही?" संताजीराव लहान पोरासारखे टाळ्या वाजवायला लागले. "उगाच जीव टांगणीला लावलास!"

वसुंधराबाई मात्र टॉर्च बंद करून स्टुलावर बसल्या. क्लिप नसती तर विसरल्या असं म्हटलं असतं, विसरतात माणसं. पण ती लावली होती. बाटली उघडून, थेंब सोडून, फुंकर मारून लावली असणार. आणि त्यातलं काही, इतकंसुद्धा, डोक्यात नव्हतं. त्यांना भीती वाटली, साठ पोरांसाठी वाटली नव्हती एवढी.

"अहो, आजवर अजून काय काय सांभाळून घेतलंत?"

"काही नाही गं."

"मी कागद घेते. एकेक सांगा."

संताजीरावांनी त्यांच्यासमोर दुसरं स्टूल ओढलं. मग सांगायला लागले. दिवाळीपासून तीनदा गॅस चालू राहिला. मधुरिमाला फोनवर एकच बातमी चार दिवस सांगितली, लेकीनं मग बाबांना वेगळा फोन केला. लालबागेच्या जत्रेत, चाळीस वर्षांच्या ओळखीच्या ठिकाणी, घरी कुठून जायचं ते विचारलं. वसुंधराबाई वर न बघता लिहीत होत्या, एकाखाली एक, पोरांच्या जॉबकार्डवर लिहायच्या तसं.

"आणखी?"

"राहू दे ना."

"आणखी?"

"ही क्लिप," संताजीराव हळूच म्हणाले. "तू काल संध्याकाळीही विचारलंस, वसू. दोनदा. पहिल्यांदा मी खरं सांगितलं, मी घरी नव्हतो म्हणून. तू जेवलीच नाहीस. तासाभरानं पुन्हा तेच विचारलंस, तेव्हा म्हटलं, हो, ऐकलं. मग नीट जेवलीस."

वसुंधराबाईंची पेन्सिल थांबली. काल जेवायला काय होतं ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला.

"शाळेला फोन करा, उद्याचं रद्द," त्या म्हणाल्या. "सोमवारी मला डॉक्टरकडे न्या. आणि सोमवारी मी विचारलं, कशाला जायचं, तर मला खरं सांगा. जेवले नाही तरी चालेल."